पटाशी, जुनी स्वीडिश
स्वीडनमध्ये मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तयार झालेले, लाकूड छिलण्याचे व त्यात खाचा पाडण्याचे पोलादी हत्यार. स्वीडिश भाषेत त्यास ‘स्टेमयॅर्न’ म्हणतात. अशा पटाश्या जुन्या बाजारांत अद्यापि मिळतात आणि नीट केल्यास उत्तम काम देतात. पटाशीची ओळख तिच्यावरील लहानशा छापात असते, तर तिचे मोल धारेलगतच्या काही सेंमी. पोलादात असते. गंज काढण्याच्या उत्साहात या दोन्ही गोष्टी थोड्याच वेळात नष्ट होऊ शकतात.

या हत्यारांची ख्याती मुळात स्वीडिश लोखंडाची आहे. तेथील काही खाणींच्या, विशेषतः अप्‌लांड प्रांतातील डानमोरा खाणीच्या धातुकात फॉस्फरस फारच कमी असे. शिवाय ते दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळशावर वितळवीत असल्यामुळे लोखंडात गंधकही शिरत नसे. ही दोन्ही मूलद्रव्ये पोलादाला ठिसूळ करतात. इंग्लंडमधील शेफील्डचे कारखानदार आपल्या उत्तम पोलादासाठी हेच लोखंड आयात करीत, तेव्हा ‘इंग्रजी की स्वीडिश’ हा संग्राहकांचा वाद पुष्कळदा एकाच खाणीपाशी येऊन मिटतो. डानमोरा येथील दीर्घकालीन खाणकाम १९९२ मध्ये थांबले.

हत्यारनिर्मितीचे केंद्र म्हणजे मॅलारेन सरोवराच्या दक्षिणेचे एस्किलस्टूना हे शहर. दहावा कार्ल गुस्ताव्ह या राजाच्या आश्रयाने राइनहोल्ड राडेमाखर याने १६५० नंतरच्या दशकात तेथे लोहारशाळा उभारल्या. त्यांपैकी काही संग्रहालयाच्या रूपाने जतन केल्या आहेत. एरिक आंटोन बेर्ग याने १८८० मध्ये याच गावी स्थापलेल्या कारखान्याच्या पटाश्यांना संग्राहकांत सर्वाधिक मागणी असून त्यांवर शार्क माशाचे चिन्ह आढळते. सांडव्हिक कंपनीचे चिन्ह मासा व गळ असे असल्याने नवख्याची फसगत होते. गळ नसलेला शार्क बेर्गचा, हे ध्यानी ठेवावे. बेर्गचा कारखाना पुढे बाको या कंपनीकडे गेला, बाको सांडव्हिककडे आणि १९९९ मध्ये सांडव्हिकचा हा हत्यारविभाग एका अमेरिकन कंपनीकडे. त्यामुळे अखेरीस दोन्ही मासे एकाच घरात आले.

छापातील इतर शब्दही बोलके असतात. ‘यूतस्टोल’ म्हणजे ओतीव पोलाद. स्वीडनमध्ये बनविल्याचा इंग्रजी उल्लेख निर्यातीचा माल दर्शवितो. ब्रिटनच्या १८८७ च्या व अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांनंतर परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालण्याची प्रथा पडली. परंतु देशांतर्गत विक्रीच्या मालावर असा उल्लेख नसतो, म्हणून तो नाही एवढ्यावरून पटाशी त्याआधीची ठरत नाही. रुंदीचे मापनही उपयोगी पडते. जुना स्वीडिश इंच २४.७४ मिमी., १८५५ नंतरचा दशमान इंच २९.६९ मिमी. व ब्रिटिश इंच २५.४ मिमी. होता, १८८९ पासून स्वीडनमध्ये मेट्रिक मापे सक्तीची झाली. अर्थात कडा घासलेल्या पटाशीवरून असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. काही जुन्या पटाश्यांचे अंग मऊ लोखंडाचे असून त्यावर पोलादाचा थर तापवून जोडलेला असतो. धारेचा उतार घासून चकचकीत केल्यास जोडाची रेषा दिसते. असे पाते झिजून फार आखूड झाले असेल, तर पोलाद संपत आल्याची शक्यता धरावी व नाव कितीही मोठे असले तरी ते घेऊ नये.

दुरुस्तीत सर्वांत मोठे भय उष्णतेचे. पटाशीच्या पोलादाला पाणी देऊन कठीण केल्यावर सुमारे २००° ते २३०° से.पर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. कोरड्या शाणचक्रावर पातळ धार क्षणात याहून अधिक तापते. पिवळसर झाक येऊन पुढे ३००° से.च्या सुमारास निळा रंग चढला, की ‘पाणी उतरले’ असे कारागीर म्हणतात. हा रंग घासून निघतो, मऊपणा मात्र राहतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी धारेजवळ बारीक कानस फिरवून पाहावी : कठीण पोलादावरून ती घसरते, मऊ पोलादात ती रुतते. टोकच मऊ असेल, तर तेवढा भाग वारंवार पाण्यात बुडवीत सावकाश घासून काढावा. संपूर्ण पाते मऊ असल्यास त्याला पुन्हा पाणी देता येते. पण थर जोडलेले पाते त्यात वाकू शकते, ते जाणत्या लोहाराकडेच सोपवावे.

गंजासाठी प्रथम तेल व बारीक लोखंडी लोकर पुरते का ते पाहावे. काळपट थर संरक्षक असतो व तो वयाची खूणही आहे. तो खरवडू नये. तांबडा गंज खोल असल्यास मूठ काढून पाते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावे आणि कमी दाबाच्या एकदिश विजेच्या ऋण अग्राला जोडावे. धन अग्राला भंगार लोखंड जोडावे. तेथे निर्गंज पोलाद कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे निर्माण होतात. या क्रियेत हायड्रोजन सुटत असल्याने ती मोकळ्या हवेत करावी. व्हिनेगरनेही गंज जातो, परंतु पाते विसरून राहिल्यास पोलादही खाल्ले जाते. छापावर तारेचे फिरते चक्र लावणे म्हणजे हत्याराचा जन्मदाखला पुसणे होय.

धार ही दोन पृष्ठांच्या मिलनाची रेषा असल्यामुळे सपाट पाठीवरील गंजाचे खळगे उताराकडील खळग्यांपेक्षा अधिक घातक ठरतात. सबंध पाठ घासण्याचे कारण नाही. धारेलगतचे ३-४ सेंमी. तलम दगडावर सपाट झाले की पुरे. उतार सुमारे २५° चा ठेवून टोकाशी ३०° ची अरुंद कड काढतात.

मुठी बहुधा बर्चच्या लाकडाच्या असतात. हातोडीच्या घावांनी माथा पसरला असल्यास तेवढाच भाग तासावा, मूळचे रोगण राहू द्यावे व कोरड्या जागी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाच्या चिंध्या पसरून वाळवाव्यात, कारण गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेतात.