बेचकीत सापडला कर्करोग

आंबे पाडायची बेचकी तुम्ही पाहिली असेलच. वर दोन फाटे, खाली दांडा. अगदी त्याच आकाराच्या अगणित बेचक्या या क्षणी तुमच्या रक्तातून फिरताहेत, बरं का! त्यांना म्हणतात प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडीज. फाट्यांच्या टोकांनी त्या रोगजंतूला पकडतात. गंमत म्हणजे प्रत्येक बेचकीचं सावज ठरलेलं! गोवराच्या विषाणूला धरणारी बेचकी कांजिण्यांच्या विषाणूला हातही लावत नाही.

मग अशी बेचकी कर्करोगाला पकडेल का? अडचण अशी, की कर्करोगाची पेशी बाहेरून आलेला चोर नव्हे. ती आपलीच, पण बिघडलेली पेशी. तिला ओळखायचं कसं?

खूण सापडली पेशीच्या अंगावर. तिथं काही प्रथिनं उभी असतात आणि त्यांना साखरेच्या रेणूंच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. अशा प्रथिनाला ग्लायकोप्रोटीन म्हणतात. यातली काही प्रथिनं बाहेरचे निरोप पेशीच्या आत पोचवतात. ‘आता वाढ, एकाच्या दोन हो’ हाही असाच एक निरोप.

१९८२ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेले लक्ष्मी चरण पाढी काम करत होते. घुशीसारख्या मोठ्या उंदरांच्या मज्जापेशींच्या गाठीतला डीएनए त्यांनी साध्या उंदराच्या पेशींत घातला. त्या पेशी कर्करोगी झाल्या. अशा पेशींच्या गाठी झालेल्या उंदरांच्या रक्तात एक नवं प्रतिपिंड मिळालं आणि त्याने पकडून दिलं एक अनोळखी प्रथिन! ते होतं पेशीच्या अंगावरचं ग्लायकोप्रोटीन. माणसातल्या त्याच्या जोडीदाराला पुढे नाव मिळालं ‘हर-टू’.

प्रयोगाला एकाच जातीची भरपूर प्रतिपिंडं लागतात. ती बनवण्याची युक्ती इंग्लंडमधल्या केंब्रिजला सीझर मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी १९७५ सालीच शोधली होती. प्रतिपिंड बनवणारी पेशी त्यांनी न थांबता वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीशी जोडली. झाला प्रतिपिंडांचा कारखाना सुरू! १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९८५ साली जेफ्री ड्रेबिन, मार्क ग्रीन आणि सहकाऱ्यांनी अशीच प्रतिपिंडं उंदरातल्या त्या प्रथिनावर सोडली. बशीतल्या कर्करोगी पेशी चक्क शहाण्यासारख्या वागू लागल्या!

माणसांचं काय? लॉस एंजेलिसचे डॉक्टर डेनिस स्लेमन यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत हर-टूच्या जनुकाच्या जादा प्रती होत्या. म्हणजे वाढीचा निरोप सतत चालूच! अशा बायकांचा आजार जास्त झपाट्याने बळावत होता. हे १९८७ साली प्रसिद्ध झालं. आज मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण १५ ते २० टक्के दिसतं.

उंदराचं प्रतिपिंड माणसाला दिलं, तर शरीर त्यालाच परकं समजतं. म्हणून जेनेन्टेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पकडणारी टोकं तेवढी उंदराची ठेवली आणि बाकी सगळी बेचकी माणसाची केली. हेच ट्रास्टुझुमॅब. ते हर-टूला धरतं, निरोप दाबतं आणि आपल्या दांड्याने शरीरातल्या लढाऊ पेशींना हाक मारतं. त्या दांड्यावरही साखर असते. ती काढून टाकली, तर ही हाक नीट पोचत नाही. म्हणजे प्रतिपिंड स्वतःही ग्लायकोप्रोटीनच!

१९९८ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. रोग लवकर सापडलेल्या बायकांना नेहमीच्या औषधांबरोबर ते दिलं, तर तो उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होतो, असं २००५ सालच्या चाचण्यांत दिसलं. काहींच्या हृदयावर त्याचा ताण येतो, म्हणून डॉक्टर हृदयावर लक्ष ठेवतात. आणि ज्यांच्या गाठीत हर-टू जादा नाही, त्यांना ते देत नाहीत. म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासतात, तोही प्रतिपिंडं वापरूनच. हर-टू खूप असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींभोवती तपकिरी कडी दिसतात.

तेव्हा घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असं दिसलं, तर लगेच धीर सोडू नका. १९८७ साली त्याचा अर्थ होता, रोग जास्त जोराचा. आज त्याच शब्दांचा आणखी एक अर्थ आहे: या रोगाला धरायला बेचकी आहे.