हायब्रिडचं ॲव्हरेज: कुठल्या रस्त्यावर?

मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या गाड्या २०२२ मध्ये आल्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा आकडा होता लिटरला २७.९७ किलोमीटर. हातात वीस-बावीसच पडले की मालक म्हणतो, कंपनीने फसवलं. तसं नाही. हा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतल्या ठरीव चाचणीचा असतो. फक्त ती चाचणी रस्त्यावर होत नाही. चाकं रोलरवर फिरतात, एसी बंद असतो, जेमतेम वीस मिनिटांत काम आटोपतं, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास आणि कमाल नव्वद. दोन गाड्यांची तुलना करायला आकडा चांगला. पेट्रोलचा मासिक खर्च त्यावर मांडू नये.

अमेरिकेतही हेच झालं होतं. तिथल्या पर्यावरण खात्याने टोयोटा प्रियसला शहरात गॅलनला ६० मैल दिले होते. २००८ च्या मॉडेलांपासून जास्त वेग, एसी आणि कडाक्याची थंडी हिशेबात धरली, तेव्हा त्याच गाडीचा आकडा ४८ वर आला. हायवेचा आकडा झाला ४५, म्हणजे शहरापेक्षा कमी.

आपल्याकडे सर्वांत घट्ट रुजलेला समज नेमका याच्या उलट आहे: खरं ॲव्हरेज हायवेलाच मिळतं. साध्या पेट्रोल गाडीपुरतं ते बरोबर. हायब्रिड मात्र कमावते ती वाया जाणाऱ्या इंधनातून. सिग्नलला इंजिन बंद, रांगेत सरकताना मोटर, ब्रेक मारला की चाकांची ऊर्जा बॅटरीत. एक्सप्रेस वेवर शंभरच्या वेगाने सलग जाताना ब्रेकच लागत नाही. मग वाचवायचं काय? इंजिन काटकसरी असल्याने थोडा फायदा उरतो, पण शहरातला फरक तिथे दिसत नाही. उन्हाळ्यात कोंडीतही एक अडचण येते. एसी बॅटरीवर चालतो, ती उतरली की गाडी उभी असतानाच इंजिन सुरू होतं. तो बिघाड नव्हे.

‘घाट उतरताना बॅटरी फुकट भरते’ हेही अर्धंच खरं. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर उतार आहे. माणसांसह दीड टनाच्या गाडीची एवढ्या उतारातली ऊर्जा, वीजबिलाच्या भाषेत, साधारण सव्वादोन युनिट होते. या गाड्यांची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची, आणि तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली कधी ठेवत नाहीत. वारा आणि टायर आपला वाटा घेतात, तरी पायथा येण्याआधीच बॅटरीत जागा उरत नाही. पुढचा उतार इंजिन आणि ब्रेक यांच्या जिवावर. शिवाय ती ऊर्जा फुकटची कसली? आधी घाट चढताना पेट्रोल जाळूनच ती मिळवलेली.

नावांचा घोळ वेगळाच. ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून विकली गेलेली माइल्ड हायब्रिड निव्वळ मोटरवर चालत नाही. तिच्याकडून स्ट्राँगच्या ॲव्हरेजची अपेक्षा करू नये. स्ट्राँग हायब्रिडला प्लग लावायचा नसतो. प्लगवाली तिसरी जात, आणि तिथे कागद आणि रस्ता यांतलं अंतर सर्वांत मोठं: युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांमधलीच नोंद तपासली, तर प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. लोक पुरेसं चार्जिंग करतच नाहीत.

बॅटरी दोन-चार वर्षांत बदलावी लागेल, ही भीती मात्र सोडा. टोयोटा भारतात तिच्यावर आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते.

राहिला पैशांचा प्रश्न. समजा वर्षाला दहा हजार किलोमीटर, पेट्रोल शंभर रुपये लिटर, साधी गाडी पंधरा देते आणि हायब्रिड बावीस. वर्षाला एकवीस हजारांच्या आसपास वाचतात. हायब्रिडसाठी दोन लाख जादा मोजले असतील, तर ते वसूल व्हायला साडेनऊ वर्षं लागतील. रोज ठाण्याहून अंधेरीला जाणाऱ्याचे किलोमीटर जास्त आणि कोंडीही जास्त, त्याला हीच गाडी निम्म्या वेळात पैसे परत देऊ शकेल. फक्त रविवारी बाहेर काढणाऱ्याने साधी पेट्रोल गाडी घ्यावी.