शिंप्याचा हात आणि हिशोब

कर्जत वा खालापूर तालुक्यांतील शिवणकामाच्या दुकानदारानें आठवडाभर दुकान बंद ठेवून प्रशिक्षणवर्गास जावें, हें प्रथमदर्शनीं तोट्याचेंच वाटतें. ज्याचा हात वीस वर्षें कात्रीवर बसला आहे, त्यास तेथें नवें काय मिळणार?

परंतु त्याची खरी स्पर्धा शेजारच्या शिंप्याशीं नाहीं. कर्जत व खोपोली लोकल गाडीनें मुंबईशीं जोडलेलीं असल्यामुळें तयार कपड्यांचा बाजार गिऱ्हाइकाच्या आटोक्यांत आहे. कारखान्यांत कापडाचे अनेक थर एकदम कापले जातात. कॉलर एकजण शिवतो, बाही दुसरा. ह्या स्वस्ताईशीं एकट्यानें झुंजणें व्यर्थ होय. अंगाबरोबर बसणारें माप हेंच शिंप्याचें बळ. मात्र त्याचें मोल ठरविण्यास हिशोब यावा लागतो.

समजा, एका पोलक्याची शिलाई ३०० रुपये. अस्तर, दोरा, हुक व वीज यांस ९० गेले, उरले २१०. काम तीन तासांत झालें तर ताशीं ७० रुपये पडले. उसवून पुन्हां शिवण्यांत चौथा तास गेला तर साडेबावन्नच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री विश्वकर्मा’ योजनेंत १८ व्यवसायांमध्यें शिंपीकामाचाही समावेश झाला. पांच ते सात दिवसांच्या प्राथमिक वर्गांत अवजारांबरोबर आर्थिक व्यवहार व विक्री हे विषय ठेवले गेले. बुडणाऱ्या मजुरीपोटीं रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरलें.

वर्गाहून परतलेला दुकानदार प्रत्येक कपड्यामागील तास वहींत मांडूं लागला, तरच त्या बंद आठवड्याची भरपाई झाली असें समजावें.