मुक्तस्रोत मंडळातील व्याख्यान : आधीची तयारी व नंतरचे काम

आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील पुष्कळ तरुण मंडळी आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या तोंडी ‘यूझर ग्रुप’ हा शब्द वरचेवर येतो, आणि हा काय प्रकार आहे असे घरातील वडीलधारे विचारतात. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता उघडी असते, जी कोणासही वाचता, बदलता व दुसऱ्यास देता येते, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन ही त्यांतील परिचित नावे होत. अशा सॉफ्टवेअरचे वापरकर्ते ठराविक दिवशी जमतात, एकजण काही करून दाखवितो, बाकीचे प्रश्न विचारतात. बहुधा मानधन नाही, हारतुरे नाहीत. मात्र अशा मंडळांतील कित्येक दोनतीन वर्षांत थंडावतात. माझ्या मते त्याचे एक मोठे कारण असे की, व्याख्यान ऐकून घरी गेलेल्या श्रोत्यास दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने काहीच करता येत नाही.

या मंडळांचे एक पूर्वज अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात होऊन गेले. मार्च १९७५ मध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक एका घराच्या मोटार ठेवण्याच्या जागेत भरली. त्याच वर्षी स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने ‘अल्टेअर’ नावाचा संगणक बैठकीत आणला. त्यास ना पडदा, ना कळफलक. समोरचे खटके वरखाली करून एकेक आकडा आत घालावयाचा. डॉम्पियरने संपूर्ण प्रोग्राम असा घातला, तोच कोणाचा तरी पाय विजेच्या वायरीत अडकला आणि सारे पुसले गेले! त्याने पुन्हा पहिल्यापासून खटके दाबले. मग शेजारी ठेवलेल्या रेडिओतून, संगणकाच्या विद्युत्-गोंगाटाचे सूर होऊन, बीटल्सचे एक गाणे वाजू लागले. सभा थक्क झाली. परंतु मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे काम. हे कसे साधले, ते त्याने एका नियतकालिकात लिहून प्रसिद्ध केले. म्हणजे ज्यापाशी तो संगणक आहे त्याने घरी करून पाहावे.

आता आपल्या जवळचा विषय घेऊ. आपल्यासारख्या अनेक संस्थांचे जुने अहवाल व सभासदयाद्या संगणकावर आहेत, पण त्या युनिकोडपूर्व फॉन्टांत. तो फॉन्ट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. हा मजकूर वाचविणे, हा मंडळातील व्याख्यानास उत्तम विषय आहे. वक्त्याने ‘युनिकोडची ओळख’ असा ऐसपैस मथळा घेऊ नये. एका जुन्या अहवालाचे एकच पान घ्यावे व ते श्रोत्यांसमोर शुद्ध मराठीत आणून दाखवावे. (देणगीदारांची नावे-पत्ते असलेले पान मात्र टाळावे, पडद्यावर आलेली गोष्ट खाजगी राहत नाही.)

पान बदलू लागले की खऱ्या अडचणी कळतात. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी, डोळ्यांस दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठविली जाते. रफाराचे याच्या उलट. म्हणजे अक्षरास अक्षर बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. हे काम करणारा पायथनचा लहानसा प्रोग्राम वक्त्याने घरी तयार करावा आणि दुसऱ्याच्या संगणकावर चालवून पाहावा. स्वतःच्या संगणकावर चालते यास पुरावा समजू नये. सभागृहातील इंटरनेटवर विसंबू नये. लागणारे सर्व बरोबर न्यावे. अक्षरे शेवटच्या रांगेतील आजोबांस वाचता येतील एवढी मोठी ठेवावी, आणि प्रयोग फसलाच तर दाखविण्यास आधी घेतलेली पडद्याची चित्रे असावीत. चाळीस मिनिटे बोलणे व वीस मिनिटे प्रश्न, हे प्रमाण मला रास्त वाटते.

प्रश्नांची टिपणे वक्त्याने स्वतः घेऊ नयेत, त्यास दुसरा माणूस नेमावा. कारण खरे धन तेथेच असते. समजा, एखाद्या बाईंनी विचारले, “आचाऱ्यांना बोलावले, हे वाक्य आचार्यांना बोलावले असे का झाले?” सभेत हशा पिकेल, पण प्रश्न अस्सल आहे. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ते चिन्ह गळाले की स्वयंपाक्याचा आचार्य होतो. शिवाय दोन्ही रूपे डोळ्यांस सारखीच दिसली तरी शोध घेताना एकात दुसरे सापडेलच असे नाही. वक्त्यास उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून आठवड्याच्या आत सर्वांस कळवावे.

त्याच आठवड्यात टिपण निघाले पाहिजे. उत्साह निवला की ते राहून जाते. त्यात प्रोग्राम, मूळ पान, बदललेले पान, दिलेल्या आज्ञा जशाच्या तशा, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती असावी. आवृत्तीचे महत्त्व असे की, पायथन २ मध्ये छापण्याच्या आज्ञेस कंस लागत नसे, पायथन ३ मध्ये लागतो. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. तेव्हा जुन्या टिपणावरून प्रयोग करणारा नवखा पहिल्याच ओळीस अडखळतो आणि दोष स्वतःस देतो. टिपण व प्रोग्राम कोणत्या परवान्याखाली दिले आहेत तेही लिहावे, नाहीतर ते दुसऱ्यास वापरण्याची मोकळीक राहत नाही.

प्रश्नांतून सॉफ्टवेअरमधील दोष उघड झाला तर तो ते तयार करणाऱ्यांस कळवावा. काय केले, काय अपेक्षित होते, काय झाले, एवढे नेमके लिहिले की पुरे. मराठीतील दोष मराठी लिहिणाऱ्यांनीच कळविले पाहिजेत, दूरदेशीच्या प्रोग्रामरास आचारी व आचार्य यांतील भेद कोठून कळणार? दोष विचारणाऱ्या बाईंकडूनच हा अर्ज लिहवून घ्यावा, वक्त्याने शेजारी बसावे. बहुधा पुढच्या एखाद्या बैठकीचा वक्ता यातूनच मिळतो.

महिन्याभराने दोनचार श्रोत्यांस विचारावे, आपल्या संस्थेचे एक तरी पान बदलले का? कोठे अडले? त्यांनी सुचविलेली दुरुस्ती प्रोग्रामात करून, टिपणाच्या पहिल्या ओळीत तारखेसह नोंदवावी, आणि ज्यांनी जुनी प्रत नेली त्यांस नवी पाठवावी.