कोऱ्या कागदावरचं बेंझीन

गेल्या जूनमध्ये लातूरला गेलो तेव्हा माझ्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयातली केमिस्ट्रीची लॅब पाहायला मुद्दाम थांबलो. ओटे काढून टाकलेत, सिंक बुजवलेत, गॅसच्या नळ्या कापल्यात. आता तिथे टेस्टसाठी बाकं आहेत. बारावीतली पुतणी सोबत होती. तिला विचारलं, परमँगनेटच्या टायट्रेशनचा एंड पॉइंट कोणता? ‘फिकट गुलाबी, सेल्फ इंडिकेटर,’ क्षणात उत्तर आलं. पाहिलायस का कधी? ‘नाही काका.’ प्रॅक्टिकलचे ३० गुण मात्र तिला मिळणारच आहेत. हे मला फार लागलं.

माझा काळ नव्वदच्या दशकातला. सीईटी अजून यायची होती, बारावीच्या ग्रुपवरच, म्हणजे तीन विषयांच्या एकत्रित गुणांवरच, मेडिकल-इंजिनीअरिंग ठरायचं.

मी १९९२ साली अकरावीला गेलो. दहावीपर्यंत शास्त्र मराठीतून शिकलेलो, त्यामुळे ‘संयुजा’ची ‘व्हॅलन्सी’ आणि ‘क्षपणा’चं ‘रिडक्शन’ होताना पाय लटपटले. पहिल्या चाचणीत २५पैकी ७ गुण. सावरलं ते लॅबनं. आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडला की तांब्याचा काळा साका खाली बसायचा, जस्त मात्र हलायचं नाही. अमोनिया घालून पुन्हा वायू सोडला की मगच पांढरा साका. असं का, हे केमिस्ट्रीच्या सरांनी त्या कुजक्या वासात उभं करून विचारलं. आम्लामुळे सल्फाइड आयन कमी पडतात, म्हणून ज्यांचं सोल्युबिलिटी प्रॉडक्ट अगदी लहान तेवढेच खाली बसतात. कॉमन आयन इफेक्ट मला पुस्तकातून कधीच कळला नव्हता, त्या परीक्षानळीत कळला.

ऑरगॅनिकसाठी सरांचा एकच आग्रह होता, कोरा कागद. पुस्तक मिटायचं, मधोमध बेंझीन काढायचं आणि बाण काढत जायचे. बाणावर रिएजंट, खाली तापमान. केसीएननं एक कार्बन वाढतो, हॉफमन ब्रोमामाइडनं एक कमी होतो, या दोन जिन्यांवरून अर्धी कन्व्हर्जन्स सुटायची. अडलं तिथं लाल पेनानं खूण, आणि सकाळी फक्त तेवढंच पुन्हा. न्यूमेरिकलमध्ये प्रत्येक ओळीत एकक लिहायचं. कॅल्क्युलेटर चालत नसे, त्यामुळे लॉगटेबल बोटांना पाठ झालं होतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरात झोपायची भीती वाटायची. अंगणात, कंदिलाखाली ते कागद लिहिलेत मी. आजूबाजूला एवढं मरण असताना बाण काढत बसलो याची लाज वाटायची, आणि दुसरं काय करावं तेही कळत नव्हतं.

एक राग अजून गेलेला नाही. दिवाळीनंतर वडिलांनी उसने पैसे काढून मला एका क्लासला घातलं. तिथल्या मास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं, ‘इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची गणितं सोडा, अपेक्षित प्रश्न पाठ करा.’ मार्चमध्ये नेमकं सेल पोटेन्शियलचंच गणित आलं. माझ्यापेक्षा हुशार दोन मित्र त्यावर अडले, आणि त्यांचा ग्रुप थोडक्यात गेला. कॉलेजातली तऱ्हा वेगळी होती. आमच्याकडच्या सराव-परीक्षांच्या पद्धतीला लातूर पॅटर्न म्हणतात; तो म्हणजे नुसता पेपरांचा रतीब, असं बाहेरच्यांना वाटतं. मला मात्र आठवतो तो तपासून परत मिळालेला पेपर. चूक कुठल्या पायरीवर झाली, ते त्यावर लिहिलेलं असायचं.

आता ‘नीट’मध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पायरी कुणी पाहतच नाही. ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली मुलं क्लासमध्ये बसतात आणि हजेरी कॉलेजात लागते. २०२३च्या एनसीईआरटी पुस्तकातून सॉलिड स्टेट, पॉलिमर, रोजच्या जगण्यातलं रसायनशास्त्र हे धडेही गेले. पर्याय ओळखणं म्हणजे येणं नव्हे, हे या मुलांना कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं. दोष मुलांचा नाही.

त्या रात्री पुतणीसमोर कोरा कागद ठेवला. नायट्रोबेंझीनपर्यंत ती सरळ गेली, कथील-आम्लानं अ‍ॅनिलीनही झालं. डायझोनियमच्या बाणापाशी पेन थांबलं. तापमान आठवेना. पर्याय असते तर तिनं ओळखलं असतं. मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळानं ती उठली आणि दप्तरात लाल पेन शोधू लागली.