तृतीयपंथी रुग्ण आणि आपण

रुग्णालयाची पायरी चढताना प्रत्येकाच्या मनात आजाराची धास्ती असते. तृतीयपंथी व्यक्तीच्या मनात जोडीला अवहेलनेचीही असते. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते व उपचारांना विलंब होतो. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘तृतीय लिंग’ ही ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावास मनाई केली. परंतु हा आधार केसपेपरच्या खिडकीपर्यंत पोहोचविणे आपणा सर्वांच्या हाती आहे.

रुग्ण सांगेल त्याच नावाने हाक मारावी. उपचारांशी संबंध नसलेले प्रश्न विचारू नयेत. घर दुरावलेल्या अनेकांना गुरू आणि चेले हाच परिवार असतो. रुग्णाची इच्छा असल्यास त्यांनाच जवळचे नातलग मानून खाटेजवळ थांबू द्यावे. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातलगांनी टक लावून पाहू नये, इतरांप्रमाणेच विचारपूस करावी. कोणी टिंगल केल्यास तिथल्या तिथे, शांतपणे थांबवावे. केवळ कागदपत्रांवरील जुन्या नावामुळे कोणी उपचारनिधीस मुकणार नाही, याकडे विश्वस्तांनी व देणगीदारांनी लक्ष द्यावे.

दारातूनच परत गेलेल्या रुग्णाला कोणतेही औषध गुण देत नाही.