शड्डू आणि श्वास

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मल्ल उतरतो, अंगाला माती लावतो आणि शड्डू ठोकतो. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीला उभा राहिला, तेव्हा पोटात काळ्या चहाखेरीज काही नव्हतं आणि लक्ष श्वासावर होतं. दोघंही मनाचीच तयारी करत असतात. एक रक्त तापवतो, दुसरा निववतो. म्हणूनच स्पर्धेच्या तोंडावर सरसकट सगळ्यांना दिला जाणारा ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला जरा तपासून घ्यायला हवा.

त्यामागचा पहिला गैरसमज असा, की खऱ्या खेळाडूला धडधड होत नाही. स्वप्निलनंच पदकानंतर सांगितलं, की ठोके जोरात पडत होते. आपण फक्त श्वास सांभाळला, वेगळं काही करायला गेलो नाही आणि गुणफलकाकडेही पाहिलं नाही. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम काबुली चण्याएवढं. तिथं नाडीच्या ठोक्यानंही नळी हलते. सावकाश सोडलेल्या श्वासानं ठोके थोडे मंदावतात, त्यामुळे नेमबाजासाठी श्वास हे रायफलीइतकंच अवजार आहे. त्या दिवशी ४५१.४ गुणांवर त्याला कांस्य मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णाच्या शर्यतीत असताना ७.६ चा एकच नेम पडला आणि तो चौथा आला होता. म्हणजे घसरण काय असते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

पण पळणाऱ्याला किंवा कुस्तीगिराला इतकं शांत करून कसं चालेल? भीती आणि उत्साह या दोन्हींत शरीर जवळपास सारखंच वागतं: ठोके वाढतात, तळहात ओले होतात. हार्वर्डच्या ॲलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. आपल्या तालमींना हे प्रयोगाविना उमगलं असावं. शड्डू दुसरं काय सांगतो?

दुसरा गैरसमज मला अधिक घातक वाटतो: डोळे मिटून गळ्यातलं पदक पाहा, म्हणजे ते मिळतं. उपयोगी कल्पनाचित्र पदकाचं नसतं, कामाचं असतं. त्यात बिघाडही धरलेला असतो. मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन सरावातच त्याच्यापुढे अडचणी उभ्या करत. २००८ मध्ये बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, समोरचं दिसेना. त्यानं हात मोजत शर्यत पुरी केली आणि विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. तो प्रसंग पाण्यात नवा असेल, डोक्यात नव्हता.

मानसिक प्रशिक्षक कच्च्या मनाच्यांसाठी असतो, हे तर २०११ चा विश्वचषक पाहिलेल्यानं म्हणूच नये. धोनीच्या त्या संघासोबत पॅडी अप्टन याच कामासाठी होते.

ठरलेला क्रम आणि अंधश्रद्धा यांतही आपण गल्लत करतो. मारण्याआधी दोन श्वास, एक नजर, मग नेम, हा क्रम खेळाडूच्या हातात असतो आणि लक्ष भरकटू देत नाही. लकी मोजा हरवला की सगळंच हरवतं. फरक इतकाच, पण मोठा.

राहता राहिली आदली रात्र. झोप लागली नाही म्हणजे खेळ संपला, असं मानून मुलं पहाटेपर्यंत घड्याळ बघत पडतात आणि उरलीसुरली झोपही घालवतात. सचिन तेंडुलकरनं २०२१ मध्ये सांगितलं, की दहा-बारा वर्षं सामन्याआधी त्याच्या रात्री अस्वस्थतेत गेल्या. पुढे हा आपल्या तयारीचाच भाग आहे, असं त्यानं मान्य केलं आणि झोपेशी झगडणं सोडलं. चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायची, बॅग आदल्याच दिवशी भरून ठेवायची. भावानं लावलेली ही सवय त्यानं भारताकडून खेळलेल्या शेवटच्या सामन्यापर्यंत मोडली नाही.